चौसष्ट जोड्यांची पंगत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिले आहे. आपण पापड-लोणच्यांवर बोलणाऱ्या, फार तर मुलांच्या अभ्यासावर बोलणाऱ्या, आणि विम्बल्डनच्या स्त्रियांच्या दुहेरीची पात्रता फेरी हे काय मध्येच? पण मला विषय सुचला तो आपल्याच मंडळात. कॅरमच्या दुहेरी सामन्यांना यंदा जागा होत्या सोळा आणि नावे आली तेवीस जोड्यांची. वेळ थोडा, बोर्ड दोनच. तेव्हा आपण चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांतल्या एक भगिनी मला जिन्यात म्हणाल्या, "अहो, हरून बाहेर पडले असते तर काही वाटले नसते. खेळूच दिले नाही, ते लागले." हे वाक्य माझ्या मनातून जाईना. जगातल्या सर्वांत मानाच्या टेनिस स्पर्धेतही नेमका हाच प्रश्न उभा राहिला आणि तिथे त्याचा निकाल २०१९ साली एका विशिष्ट तऱ्हेने लागला. तो मला बरोबर वाटला की नाही, हे तुम्हांला सांगावे म्हणून आज उभी आहे.

आधी थोडी माहिती. विम्बल्डनला स्त्रियांची एकेरी सुरू झाली १८८४ साली. दुहेरीला मात्र अधिकृत स्पर्धा म्हणून १९१३ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे बाईने एकटीने खेळलेले चालले, पण दोघींनी मिळून खेळण्याला मान्यता यायला आणखी एकोणतीस वर्षे गेली! पहिल्या विजेत्या विनिफ्रेड मॅकनेअर आणि डोरा बूथबी. पुढे खेळणाऱ्यांची गर्दी इतकी झाली की सगळ्यांना मुख्य स्पर्धेत घेणे अशक्य झाले, आणि १९२५ पासून आधीच्या आठवड्यात पात्रता फेरी घेण्याची पद्धत पडली. ही फेरी विम्बल्डनच्या मैदानावर होत नाही. जवळच रोहॅम्प्टन म्हणून भाग आहे, तिथे बँक ऑफ इंग्लंडचे क्रीडांगण होते, त्या हिरवळीवर ती वर्षानुवर्षे होत आली.

दुहेरीच्या मुख्य स्पर्धेत जागा चौसष्ट जोड्यांना. चौसष्ट पाट मांडले आहेत असे समजा. त्यांतले बहुतेक पाट जागतिक क्रमवारीवर दिले जातात. थोडे पाट यजमान आपल्या मर्जीने देतात, त्याला वाइल्ड कार्ड म्हणतात. यजमानांच्या घरच्या मुलींना ती बऱ्याचदा मिळतात आणि त्यात गैर काही नाही, आपणही लेकीला आधी वाढतोच. आणि २०१८ पर्यंत चार पाट असे होते की जे कोणाच्या नावाने मांडलेले नसत. त्यांसाठी सोळा जोड्या रोहॅम्प्टनला यायच्या. दोन फेऱ्या. पहिलीत सोळाच्या आठ, दुसरीत आठाच्या चार. त्या चार जोड्या पुढच्या आठवड्यात पांढरे कपडे घालून विम्बल्डनच्या फाटकातून आत जायच्या, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे इंग्रजी 'क्यू' हे अक्षर छापले जायचे. शिवाय शेवटच्या फेरीत हरलेल्यांपैकी एखाद्या जोडीला, आत कोणाचा पाय मुरगळला तर, ऐनवेळी बोलावणे यायचे. अशा जोडीला त्यांच्यात 'लकी लूझर' म्हणतात. 'नशीबवान पराभूत'! इंग्रजांनी शब्द मोठा गमतीचा काढला आहे.

रोहॅम्प्टनचे वातावरण विम्बल्डनसारखे नसते. सेंटर कोर्टावर २००९ पासून सरकते छप्पर आहे, राजघराण्याची बैठक आहे, स्ट्रॉबेरी आणि साय आहे. इथे उघडे मैदान, शेजारी शेजारी आखलेली कोर्टे, एका कोर्टावरचा चेंडू दुसऱ्यावर जातो म्हणून खेळ थांबतो. पाऊस आला की सगळ्यांनी आत पळायचे आणि ओल्या हिरवळीवर पाय घसरणार नाही इतके सुकेपर्यंत बसून राहायचे. पुष्कळ वर्षे तिथे तिकीटसुद्धा नव्हते. २०१७ साली मारिया शारापोव्हा पात्रता फेरी खेळणार म्हणून गर्दीच्या भीतीने प्रथमच पाच पौंडांचे तिकीट लावले, आणि त्या बाई दुखापतीमुळे आल्याच नाहीत!

आता कोणी म्हणेल, अशा फेरीतून येणाऱ्या खेळाडू त्या किती चांगल्या असणार? यावर एकच उदाहरण देते, ते एकेरीचे आहे. २०२१ साली अमेरिकन स्पर्धेत एमा राडुकानू ही अठरा वर्षांची मुलगी क्रमवारीत दीडशेवी होती. तीन सामने पात्रतेचे आणि सात मुख्य स्पर्धेचे, असे दहा सामने ती एकही सेट न हरता जिंकली आणि थेट विजेतेपद घेऊन गेली. पात्रतेतून येऊन मोठ्या स्पर्धेची एकेरी जिंकणारी ती पहिलीच, बाईमाणसांतही आणि पुरुषांतही. क्रमवारी म्हणजे मागच्या वर्षाची गुणपत्रिका. आज कोण कशी खेळते आहे हे तिच्यावर लिहिलेले नसते.

दुहेरीत तर ही क्रमवारी आणखी चमत्कारिक होते. जोडीला प्रवेश देताना दोघींचे क्रमांक मिळवून बेरीज करतात. बेरीज जितकी लहान तितकी जागा पक्की. इथपर्यंत ठीक. पण प्रत्येकीला आपला एकेरीचा किंवा दुहेरीचा, जो चांगला असेल तो क्रमांक लावण्याची मुभा असते. म्हणजे एकेरीत नाव काढलेल्या दोघीजणी, ज्यांनी वर्षभरात दुहेरी मनापासून खेळलेली नसेल, त्या आयत्या वेळी हातात हात घालून आल्या तरी त्यांची बेरीज लहानच भरते. आणि वर्षभर दुहेरीच खेळणाऱ्या, एकमेकींच्या चालीची नाडी ओळखणाऱ्या जोडीचा पाट त्यांच्यामुळे जातो. एकेरीवाल्यांनी येऊच नये असे माझे म्हणणे नाही. त्या येतात म्हणून लोक दुहेरी पाहायला येतात, हेही खरे. पण त्यांतल्या काहीजणी एकेरीत पुढे गेल्या की दमले म्हणून दुहेरीतून नाव काढून घेतात, तेव्हा बाहेर राहिलेल्या जोडीला काय वाटत असेल!

कारण दुहेरी ही एकेरीची धाकटी बहीण नाही. तिचा घाट वेगळा आहे. एकेरीचे कोर्ट सत्तावीस फूट रुंद. दुहेरीला दोन्ही कडांना साडेचार साडेचार फूट जोडून छत्तीस करतात. एवढे आवार दोघींनी राखायचे. एक मागे सर्व्हिस करते, दुसरी जाळ्याशी उभी राहते आणि तिच्या पाठीमागे काय चालले आहे ते तिला दिसत नाही. तिने मान वळवायची नसते. मागची सांभाळील हा विश्वास धरून पुढे पाहायचे असते. आपल्यापैकी ज्यांनी मंगळागौरीला फुगडी घातली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. फुगडीत वेग येतो तो दोघींनी मागे झुकल्यावर. एकीने भीतीने अंग आवरले की दोघी पडतात. चेंडू मधोमध आला तर कोणी घ्यायचा, हे क्षणार्धात ठरते. ठरले नाही तर दोघी एकमेकींकडे बघत राहतात आणि चेंडू मधून निघून जातो. पुष्कळ घरांत सासवासुनांचे असेच होते, पण तो आजचा विषय नव्हे.

अशी जोडी जमायला वेळ लागतो आणि टिकवायला पैसा लागतो. आता पैशाचे सांगते, कारण बायकांच्या सभेत पैशाचे बोलू नये असे मी मानत नाही. विम्बल्डनने २००७ पासून स्त्रियांना पुरुषांइतकेच बक्षीस देण्यास सुरुवात केली, त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण एकेरी आणि दुहेरी यांच्यातली दरी तशीच राहिली. २०२५ साली एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूला ६६,००० पौंड होते. दुहेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्या जोडीला १६,५००, म्हणजे एकीच्या हातात ८,२५०. त्यातून विमान, मुक्काम, शिकवणाऱ्याचा पगार, रॅकेटला तार ओढून घेण्याचा खर्च. तरीही वर्षभर गावोगावच्या छोट्या स्पर्धांतून वणवण करणाऱ्या मुलीला एवढी रक्कमही मोलाची असते. म्हणून ते चार पाट नुसते मानाचे नव्हते, पोटाचेही होते.

आता मूळ मुद्दा. २०१८ साली रोहॅम्प्टनला दुहेरीची पात्रता फेरी झाली ती शेवटची. २०१९ पासून ती बंद केली, पुरुषांचीही आणि स्त्रियांचीही. का? याचे कारण ऐकल्यावर माझी मोठी पंचाईत झाली, कारण कारण चांगले आहे! तोवर एकेरीच्या पात्रता फेरीत पुरुष घेत १२८ आणि स्त्रिया घेत ९६. पुरुषांना मुख्य स्पर्धेत सोळा जागा, स्त्रियांना बारा. हा उघड पंक्तिप्रपंच होता. तो मोडून २०१९ साली स्त्रियांनाही १२८ आणि सोळा केले. म्हणजे स्त्रियांना समान हक्क मिळाला, आणि त्याच घासाला दुहेरीचे दार लागले.

मी घरी कागद घेऊन हिशेब मांडला. प्रत्येक सामन्यात एक बाद होते, एवढे लक्षात ठेवले की हिशेब सोपा आहे. शहाण्णवांतून बारा उरायच्या तर चौऱ्याऐंशी सामने लागतात. एकशे अठ्ठावीसांतून सोळा उरायच्या तर एकशे बारा. म्हणजे वाढले अठ्ठावीस सामने. आणि दुहेरीत सोळा जोड्यांतून चार उरायला सामने लागायचे बारा. पुरुषांचे बारा आणि स्त्रियांचे बारा मिळून चोवीस. अठ्ठावीस आले, चोवीस गेले. मैदान तेवढेच, जूनमधला आठवडा तेवढाच, आणि लंडनचा पाऊस काही कोणाच्या हुकमात नाही. संसार करणाऱ्या बाईला हा हिशेब ओळखीचा वाटेल. थोरलीच्या फीचे पैसे धाकटीच्या गाण्याच्या शिकवणीतून निघतात, आणि निर्णय चुकीचा आहे असे कोणालाच म्हणता येत नाही.

या बदलाच्या बाजूने आणखीही बोलता येते, ते प्रामाणिकपणे मांडते. ज्या चार जागा मोकळ्या झाल्या त्या काही नाहीशा झाल्या नाहीत. क्रमवारीत थोडक्यात खाली राहिलेल्या जोड्यांना त्या सरळ मिळू लागल्या. त्या जोड्यांना आठवडाभर आधी येऊन दोन सामने खेळण्याचा शीण वाचला. शिवाय आत कोणी आजारी पडले, कोणी नाव काढले, तर स्पर्धेच्या ठिकाणी हजर असलेल्या पर्यायी जोडीला घेतात. 'अल्टरनेट' असे त्यांना नाव आहे. एस. टी. च्या स्टँडवर गाडी सुटेपर्यंत कंडक्टरच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहणाऱ्या उतारूंसारख्या या जोड्या थांबतात. नाव पुकारले की आत, नाही तर परत.

पण इथेच माझे मन अडते. पूर्वी सोळावी, म्हणजे कागदावर सर्वांत खालची जोडी, दोन दिवस चांगली खेळली तर पहिलीला मागे टाकून आत जाऊ शकत होती. आता कागदावर जी वर ती आत. आणि उरलेल्यांनी कोणाच्या तरी दुखण्याची वाट पाहायची. कोणाच्या दुखण्यावर आपले भाग्य अवलंबून असणे ही काही चांगली जागा नव्हे. स्वतः जिंकून मिळवलेला पाट आणि रिकामा राहिला म्हणून मिळालेला पाट, दोन्हींवर जेवण तेच वाढतात; पण बसणारीला फरक कळतो. म्हणून मला स्त्रियांच्या एकेरीची वाढ हवीच होती, आणि दुहेरीचे ते बारा सामनेही राहायला हवे होते. बारा सामने! एवढ्या मोठ्या संस्थेला तेवढी हिरवळ कुठेतरी भाड्याने मिळाली नसती, हे मला पटत नाही.

जागेची सबब आता फार दिवस चालणारही नाही असे दिसते. विम्बल्डनच्या क्लबने रस्त्यापलीकडचे गोल्फचे मैदान घेतले आहे, आणि तिथे अडतीस नवी कोर्टे व एक आठ हजार प्रेक्षकांचे क्रीडागार बांधून पात्रता फेरी रोहॅम्प्टनहून तिथे आणण्याचा त्यांचा बेत आहे. २०२४ च्या सप्टेंबरात लंडनच्या नगरप्रशासनाने त्याला परवानगी दिली. शेजारचे रहिवासी झाडांसाठी आणि मोकळ्या जागेसाठी न्यायालयात गेले, आणि मला त्यांचीही बाजू समजते. पण ती कोर्टे झालीच तर मग दुहेरीच्या मुलींना 'जागा नाही' हे उत्तर कोणत्या तोंडाने देणार?

आपल्याकडच्या मुलींचा याच्याशी काय संबंध, असे विचाराल. फार जुना आहे. विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव, मुंबईची. साल १९३४. त्यांनी पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल या बाईंना हरवले. दुसऱ्या फेरीत त्या हरल्या. या लीलाबाईंची आई म्हणजे पंडिता क्षमा राव, संस्कृतात सत्याग्रहावर काव्य लिहिणाऱ्या, तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृत पद्यात रचणाऱ्या विदुषी. आणि आजोबा शंकर पांडुरंग पंडित, ज्यांनी तुकोबांची गाथा संपादून छापवली. क्षमाबाई स्वतःही टेनिस खेळत. गाथेच्या घरातली नात विम्बल्डनच्या हिरवळीवर! ज्यांना वाटते की खेळ आणि विद्या एका घरात नांदत नाहीत, त्यांना मी हे नेहमी सांगते.

त्यानंतर सानिया मिर्झाचे नाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादेत. २००३ साली विम्बल्डनला मुलींची दुहेरी जिंकली ती रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाबरोबर, आणि २०१५ साली मार्टिना हिंगिसबरोबर मोठ्या बायकांची. अंतिम सामन्यात पहिला सेट हरल्या होत्या, दुसरा टायब्रेकवर आणि तिसरा ७-५ असा घेतला. त्याच वर्षी एप्रिलात ती दुहेरीत जगात पहिली झाली. त्या क्रमांकावर पोहोचणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०१८ साली मुलगा झाला, आणि २०२० च्या जानेवारीत पुन्हा मैदानात उतरून होबार्टची दुहेरी जिंकली. बाळंतपणासाठी बाहेर राहिलेल्या खेळाडूला जुना क्रमांक काही स्पर्धांपुरता वापरू देतात. हा नियम झाला म्हणून अशा बायका परत येऊ शकल्या. नाहीतर क्रमवारीला तान्हे मूल दिसत नाही.

आणि आपल्या अगदी जवळची सांगायची तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. २०१४ च्या आशियाई खेळांत सानियाबरोबर तिने दुहेरीचे कांस्यपदक मिळवले, आणि २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्येही ती सानियाच्या जोडीने खेळली. बार्शीहून रिओ किती लांब आहे ते नकाशात पाहून घ्या. अंकिता रैना ही मूळची अहमदाबादची मुलगी पुण्यात राहून शिकली. २०२१ साली विम्बल्डनच्या दुहेरीत मुख्य स्पर्धेत खेळली. बार्शीसारख्या गावांतून निघालेल्या मुलींना वाइल्ड कार्ड देणारे यजमान लंडनला नसतात. त्यांना बेरीज तरी लहान करायची, नाहीतर दारात उभे राहून खेळून आत जायचे, हे दोनच रस्ते होते. त्यांतला दुसरा मिटला.

एक शेवटची गोष्ट, जी पुरुषमंडळी इथे आहेत त्यांनी ऐकली तरी चालेल. विम्बल्डनला पोशाख पांढराच लागतो, अगदी आतल्या कपड्यापर्यंत. मासिक पाळीच्या दिवसांत याची बायकांना किती धास्ती वाटत असेल! खेळाडूंनी हे उघडपणे बोलून दाखवले आणि २०२३ च्या स्पर्धेपासून स्त्रियांना स्कर्टच्या आत गडद रंगाची चड्डी घालण्याची परवानगी मिळाली. शंभर वर्षांहून जुना रिवाज बायका बोलल्या म्हणून बदलला. म्हणजे हे लोक ऐकत नाहीत असे नाही.

येत्या जून-जुलैत वर्तमानपत्रात विम्बल्डनचे निकाल येतील. एकेरीच्या मोठ्या मथळ्याखाली बारीक टाइपात दुहेरीचे निकाल असतात, तेवढे एकदा वाचा. एखाद्या जोडीपुढे 'अल्टरनेट' असे लिहिलेले दिसेल. त्या दोघी आदल्या दिवशीपर्यंत कुठे थांबल्या असतील, हे आता तुम्हांला माहीत आहे.

सेक्रेटरीबाई मघापासून घड्याळ दाखवीत आहेत आणि पुढच्या कार्यक्रमाच्या मुली पडद्यामागे घुंगरू बांधून बसल्या आहेत. कोणाला काही विचारायचे असेल तर चहाच्या वेळी मी आहेच.